मागावर लागलं? आधी नोंद, मग बाकीचं

सोलापुरात पॉवरलूमवर शटल उडून डोळ्याला लागलं, बोट अडकलं, की हळद दाबून शिफ्ट संपवायची सवय जुनी आहे. तसं करू नका. त्याच दिवशी अपघात नोंदवहीत तारीख, वेळ, माग क्रमांक आणि पाहणाऱ्याचं नाव लिहून घ्या, पानाचा फोटो काढा. वहीच नसेल तर मालकाला व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा. पुढे तारखेचा तोच पुरावा.

भरपाईचे बरेच दावे अडतात ते केसपेपरवर. डॉक्टरांनी विचारल्यावर “घरी पडलो” म्हणू नका, कुणी शिकवलं तरी. “कामावर लागलं” असंच लिहून घ्या.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआय कार्यालयाला पाठवायचा असतो, त्याची प्रत मागा. डॉक्टरांनी कामाला तात्पुरतं अपात्र ठरवलं, तर रोजच्या सरासरी पगाराच्या सुमारे ९०% भत्ता मिळतो. मात्र अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस काम बुडालेलं हवं.

ईएसआय नसेल तर भरपाई मालकाकडून. तिचा दावा साधारणपणे अपघातापासून २ वर्षांच्या आत करावा लागतो. “बघू, देतो” यावर वर्ष घालवू नका.