जुन्या पद्मिनीच्या तळाचे डांबरी अंडरकोटिंग कसे काढावे

प्रीमिअर पद्मिनीला वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा हा गाडीचा भार पेलणाऱ्या सांगाड्याचाच भाग असतो. त्यामुळे जीर्णोद्धारात जुने अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखण्यासाठी तळाला दिलेला डांबराचा थर, काढून तो पत्रा उघडा तपासावाच लागतो. वरून अखंड दिसणाऱ्या थराखाली, विशेषतः किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीत, खारट ओल अडकून पत्रा कुजलेला असू शकतो.

गाडी सपाट जमिनीवर भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये. बॅटरी सोडवून पेट्रोलची टाकी व नळ्या उतरवाव्यात, आतले गालिचे आणि नमदेही काढावेत, कारण खालून दिलेली उष्णता पत्र्यातून वर पोहोचते. काही जुन्या लेपांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे, श्वासावाटे गेल्यास घातक ठरणारे तंतू मिसळलेले असत. म्हणून शंका असल्यास आधी नमुना तपासून घ्यावा आणि खात्री होईपर्यंत थराला हात लावू नये.

वाळून ठिसूळ झालेला थर बोथट पटाशीच्या हलक्या ठोक्यांनीच निघतो. चिकट राहिलेल्या भागावर हीटगन वापरावी: वीतभर जागेवर ती सतत फिरवत ठेवावी आणि थर लोण्यासारखा मऊ होताच रुंद स्क्रॅपर तिरपा धरून तो खरवडावा. धूर निघू लागला की उष्णता जास्त झाली असे समजावे. तो धूर छातीला बाधतो आणि डांबर उलट पसरते. गॅसची ज्योत मात्र कधीही वापरू नये. ग्राइंडरवरचा वायर ब्रश अनेकांना जवळचा वाटतो, पण तो डांबर वितळवून सगळीकडे फासतो, शिवाय त्याच्या तारा उडतात. त्याचे काम शेवटी, गंजापुरतेच.

उरलेला काळा पापुद्रा पत्रा पूर्ण थंड झाल्यावर रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावा, आणि रॉकेलचा तेलकटपणा प्रायमरला धरू देत नसल्याने शेवटी थिनरने पत्रा स्वच्छ करावा. या टप्प्यानंतर तिथे पुन्हा हीटगन लावू नये.

सांध्यांमधले सीलर शाबूत असल्यास ते उकरू नये. संशयित जागी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. पत्रा दबला तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करावा, नुसती लांबी (पुट्टी) भरून भागवू नये. दमट हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो, म्हणून जेवढा भाग स्वच्छ झाला तेवढ्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारावा. सांधे त्यानंतर सील करावेत आणि नवे कोटिंग चढवताना पाणी निथळण्याची छिद्रे बुजणार नाहीत, याची काळजी घ्यावी.