शांत तळ्यावर पॅडलबोर्डिंग: दर वेळी दिसणाऱ्या या चुका टाळा

"तळंच तर आहे, समुद्र थोडाच आहे!" हे वाक्य काठावर ऐकू आलं की मी मनातल्या मनात घड्याळ लावतो. तासाभरात हाच माणूस पलीकडच्या काठाला लागलेला असतो आणि इकडे त्याची मंडळी कपाळावर हात आडवा धरून तो दिसतोय का बघत असतात. पॅडलबोर्ड म्हणजे उभं राहून वल्हवायची लांब, रुंद फळी, बऱ्याचदा हवा भरून फुगवायची. तिच्यावर उभं राहणं अवघड नाही. निम्मे लोक पहिल्या अर्ध्या तासात उभे राहतात. चुका होतात त्या उभं राहण्याच्या आधी, सहल ठरवताना. जायचा विचार सगळे करतात, परत यायचा कुणी करत नाही.

पाणी बघून वारा ठरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नावडती, कारण मी स्वतः केली आहे.

मावसभाऊ पहिल्यांदाच येणार होता. सकाळी ६ला पाण्यात उतरायचं ठरलं होतं. आवराआवर, वाटेत चहा, मग कुणाचं तरी चार्जर राहिलं, असं करत पोचेपर्यंत साडेदहा झाले. काठाला दाट झाडी, तिच्या पुढ्यात पाणी अगदी आरसा. भाऊ म्हणाला, "दादा, उगाच पहाटेची घाई करत होतास." मलाही ते पटलं, हे विशेष.

वारा आमच्या पाठीवर होता. झाडांच्या आडोशाला तो कळत नव्हता. शंभरेक मीटर पुढे गेलो आणि बोर्ड आपोआप पळायला लागले. भाऊ खूश, "मला तर जन्मजातच येतंय हे!" दीड किलोमीटरचं तळं आम्ही वीसेक मिनिटांत पार केलं. मग वळलो.

दहा वेळा वल्हं मारायचं, घाम पुसायला थांबायचं, तेवढ्यात बोर्ड होता तिथे परत. काठावरच्या एका वाळक्या झाडावर नजर ठेवून मी वल्हवत होतो. पंधरा मिनिटांनी ते झाड तिथेच, माझ्या डाव्या खांद्याला. भाऊ तर आणखी मागे. शेवटी दोघंही पुन्हा पलीकडच्या काठाला लागलो आणि बोर्ड बगलेत धरून तळ्याला वळसा घालून चालत निघालो. वाऱ्यात बोर्ड म्हणजे शीडच, दर पावलाला माणसाला गोल फिरवतो. चपला गाडीत होत्या. चिखल, मग काटे, मग तापलेले दगड. भाऊ त्यानंतर पुन्हा आला नाही आणि त्याला मी दोष देत नाही.

उभा माणूस हाच पॅडलबोर्डचा सगळ्यात मोठा अडसर असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. म्हणजे ताशी १० किलोमीटरचा वारा २०वर गेला, तर तो "जरा वाढला" असं नसतं. निवांत वल्हवणारा माणूस जेमतेम चालण्याच्या वेगाने, ताशी ४-५ किलोमीटरने जातो. त्यातून वारा किती खाणार, याचा अंदाज बांधा.

पाण्याकडे बघू नका, झाडांच्या शेंड्यांकडे बघा. खलाशी वापरतात त्या ब्यूफर्ट श्रेणीत ३ नंबरचा वारा, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर, असा ओळखतात: पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात. मधूनमधून नव्हे, सतत. असं दिसलं की मी नवख्यांना पाण्यात सोडत नाही. धूळ आणि कागद उडायला लागले तर तो ४ नंबर, मग मी स्वतःही उतरत नाही. तळ्याच्या मध्यावर गडद, खरखरीत पट्टा दिसतोय का तेही बघा. वारा तिथे पोचलेला असतो, तुमच्यापर्यंत यायचा बाकी असतो. आणि वारा काठाकडून तळ्याकडे वाहत असेल, तर काठाजवळच्या गुळगुळीत पाण्यावर काडीचाही विश्वास नको.

दुसरी सवय म्हणजे आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं. अंगात दम असताना कष्ट, दमल्यावर वारा घरी आणून सोडतो. पहाटे लवकर, कारण ऊन चढलं की बहुतेक दिवशी वाराही चढतो. साडेदहाला पोचलात तर काठावर बसा, गप्पा मारा. एवढ्या लांब आलोय तर उतरूच, हा हट्ट पाण्यावर चालत नाही.

तरीही अडकलातच तर उभं राहून मर्दुमकी दाखवू नका. गुडघ्यावर बसा, वल्हं आखूड करा. तेही जमेना, तर वल्हं पोटाखाली दाबा, पालथे झोपा आणि हातांनी पाणी मारत जवळच्या काठाला लागा. गाडी जिथे उभी आहे तोच काठ हवा असं काही नाही. आणि चपला बोर्डवरच्या इलॅस्टिकच्या दोरीत अडकवून न्या.

अर्धवट फुगवलेला बोर्ड

"माझा बॅलन्सच नाही हो," अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा बोर्ड मी आधी अंगठ्याने दाबून बघतो. बऱ्याचदा माणसाचा तोल ठीक असतो, बोर्डमध्येच हवा नसते.

बऱ्याचशा फुगवायच्या बोर्डना साधारण १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब लागतो. नेमका आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो. गंमत अशी की पंपाचा काटा सुरुवातीला बराच वेळ जागचा हलतच नाही. अधीर माणूस म्हणतो, पंप बिघडलाय. मग काटा हलतो, ८ वर येतो, बोर्ड दिसायला टणक होतो, दंड भरून येतात आणि माणूस म्हणतो, पुरे. खरा बोर्ड तिथून पुढे तयार होतो. ८ पीएसआयचा बोर्ड पाण्यावर मधोमध खचतो, दोन्ही टोकं केळ्यासारखी वर येतात आणि पायाखाली गादीवर उभं राहिल्यासारखं होतं. पंप दाबताना आणि ओढताना, दोन्ही वेळा हवा मारणारा असेल, तर जड जायला लागल्यावर तो एकेरी करा आणि हातांनी नाही, अंगाच्या वजनाने दाबा. टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या पंपावर विसंबू नका. दाब येतो, पण एवढी हवा भरताना तो तापून बंद पडतो.

आता व्हॉल्व्हमधली ती छोटी खुंटी. दाबून फिरवली की खाली अडकते, व्हॉल्व्ह उघडा राहतो. पुन्हा दाबून सोडली की वर येते, तेव्हा तो बंद. हवा भरताना खुंटी वर हवी. एकाने वीस मिनिटं घाम गाळून अगदी १५ पर्यंत भरला, विजयी मुद्रेने नळी काढली आणि असा आवाज झाला की काठावरचे बगळे उडाले. सगळी हवा बाहेर. खुंटी खाली होती. तो बोर्डकडे नुसता बघत राहिला. मी हसलो नाही, कारण माझी पाळी दोन वर्षं आधीच येऊन गेली होती.

पूर्ण फुगवलेला बोर्ड जेवणाच्या वेळी उन्हात पसरून ठेवू नका. आतली हवा २५ अंशांवरून ५५वर गेली तर १५ पीएसआयचे १८ होतात आणि जोड उसवू शकतो. सावलीत ठेवा किंवा थोडी हवा सोडा. याच्याच उलट, तापलेल्या बोर्डमध्ये भरलेला दाब गार पाण्यात उतरतो, म्हणून पाण्यात ठेवल्यावर एकदा बघून घ्यावं.

बाकीच्या, थोडक्यात

वल्हं उलटं धरणं. दहापैकी किती जण असं धरतात ते मोजायचं मी सोडून दिलंय. पातं चमच्यासारखं पाणी ओढेल असं वाटतं, म्हणून लोक बाक स्वतःकडे करतात. बाक पुढे, बोर्डच्या टोकाकडे झुकलेला हवा. लांबी उंचीपेक्षा वीत-सव्वा वीत जास्त: वल्हं उभं धरून हात वर केला की मूठ मनगटाशी यावी.

लाइफ जॅकेट बोर्डवर बांधून नेणं. अंगात घाला. पडल्यावर पाण्यात जॅकेट चढवून दाखवा, मग बोलू.

लीश, म्हणजे बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी, न लावणं. पडताना पायाच्या धक्क्याने बोर्ड पुढे निसटतो आणि वारा असेल तर तुमच्या पोहण्यापेक्षा जोरात पळतो. पट्टीचा पोहणाराही मग नुसता बघत राहतो. साध्या तळ्यावर घोट्याला गुंडाळीची लीश चालते. जिथे पाणी वाहतं, म्हणजे ओढा येऊन मिळतो किंवा सांडवा आहे, तिथे घोट्याची लीश कशात अडकली तर हात पोचत नाही. कमरेची, झटक्यात सुटणारी घ्या. माझं मत विचाराल तर सांडव्याच्या बाजूला जाऊच नका.

फिन घरी विसरणं. बोर्डच्या पोटाला मागे लावायचा हा पंख नसेल तर बोर्ड सरळ जाणारच नाही. फिनचा स्क्रू आणि चौकोनी चकती यांची एक जादा जोडी मी पंपाच्या पिशवीत ठेवतो, कारण गवतात पडलेली चकती आजवर कुणाला सापडलेली नाही.

काठावरच उभं राहणं. फिन तळाला टेकतो, बोर्ड जागीच थबकतो, माणूस पुढे जातो. गुडघाभर पाण्यात या, मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेका, थोडं वल्हवा, मग उठा. नजर क्षितिजावर. पायांकडे बघाल तर पायांकडेच जाल.

पडायचा सराव न करणं. पहिली दहा मिनिटं मुद्दाम पडा. बोर्डवर नाही, बाजूला, पाठीवर पसरून, सूर न मारता. मग बाजूने हँडल धरा, पाय मागे पाण्याच्या पातळीवर आणा, लाथा मारत छाती वर ओढा. हे काठाजवळ जमलं नाही, तर मध्यावर दमलेल्या अंगाने जमणार नाही. ज्याला चढता आलं नाही त्याला मी पुढे नेत नाही, मग तो रुसला तरी चालेल.

हवा बघून कपडे घालणं. ऊन कडक असलं तरी पाणी गार असू शकतं. एकदम पडलात की श्वास अडकतो. कपडे पाण्याला जुळणारे हवेत.

गडगडाट ऐकला की बाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. उघड्या पाण्यावर वल्हं घेऊन उभा माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते.

आणि परत आल्यावर ओला बोर्ड तसाच गुंडाळून पिशवीत कोंबणं. दमलेलो असतो, मान्य. पण पंधरा दिवसांनी ती पिशवी उघडाल तेव्हा नाक धरून उघडा.