मायक्रोवेव्ह नाही? मग गॅसवर या चुका टाळा

उरलेला भात फ्रीजमधून काढला, तसाच पातेल्यात टाकला, गॅस मोठा केला आणि दुसऱ्या कामाला लागलो. पाच मिनिटांनी खाली काळी खरपुडी आणि वर गारढोण गोळा! मायक्रोवेव्ह मुख्यतः अन्नातलं पाणी तापवतो, त्यामुळे तिथे असा प्रकार होत नाही. गॅसची धग मात्र बुडाकडून येते. ती वरपर्यंत न्यायला वाफ लागते आणि कोरड्या भाताला वाफ येणार कुठून?

म्हणून आधी ढेकळं हाताने मोकळी करा. दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारा, घट्ट झाकण ठेवा आणि आच मंद करा. झाकणाला आतून घाम सुटला की एकदा हलक्या हाताने खालीवर करा. सगळा भात वाफाळला पाहिजे, नुसता कोमट नको. आणि हो, भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर गरम करण्यात अर्थ नाही. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि त्याचं एक विष पुन्हा तापवल्यानेही जात नाही. शिजवल्यापासून दोन तासांच्या आत भात पसरून गार करायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचा.

फ्रीजमधलं काचेचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका. मायक्रोवेव्हची सवय असलेल्यांचा हात आपोआप तिकडे जातो. माझं एक चांगलं भांडं असंच तडकलं, आतल्या डाळीसकट.

पाणी खदखदलं की बटाटे लवकर शिजतात, हा गैरसमज फार चिवट आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यापुढे कितीही आच वाढवा, पाणी जास्त तापत नाही, फक्त आटतं आणि गॅस जळतो. उकळी आली की आच कमी करा, झाकण ठेवा. खरोखर घाई असेल तर कुकर काढा, कारण दाबामुळे आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. तिथेही पहिली शिट्टी झाली की आच बारीक.

कडधान्यं स्वस्त आणि पोटभरीची, पण सगळ्यात जास्त तक्रारी त्यांच्याच. तासभर उकळूनही दाणा टणक राहिला तर लोक मिठाला बोल लावतात. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा आंबट असतो. टोमॅटो किंवा लिंबू आधीच पडलं तर दाण्याची सालं मऊ होत नाहीत. आंबट शेवटी घाला. पाणी जड असेल तर भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. फार जुन्या दाण्यांपुढे मात्र कोणाचंच काही चालत नाही.

राजम्याच्या बाबतीत एक गोष्ट चांगलीच महागात पडू शकते म्हणून सांगतो. कच्च्या राजम्यात असं द्रव्य असतं की अर्धवट शिजलेले थोडे दाणेही उलट्या-जुलाब घडवतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळा. अर्धा तास उकळलात तर आणखी निर्धास्त. मंद आचेवर तासन्‌तास नुसता ठेवला तर तो मऊ वाटेल, पण विष शिल्लक राहू शकतं.

भाजी परतताना कढई भरून टाकू नका. गर्दीत सुटलेलं पाणी उडून जात नाही, भाजी त्यातच उकडते आणि तांबूस रंग येत नाही. दोन खेपा करा.

डाळ खाली लागलीच तर चमच्याने बूड खरवडू नका, ढवळूही नका. गॅस बंद करून वरची डाळ अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. चव घ्या, करपट वास नसेल तर जेवण वाचलं. करपलेल्या पातेल्यात पाणी घालून एक उकळी काढा, रात्रभर तसंच ठेवा. सकाळी खरपुडी सुटून येते.