साथीच्या काळात कॅन्सरचे उपचार चालू कसे ठेवायचे: कोल्हापूर परिसरातल्या कुटुंबांसाठी

कोविडच्या पहिल्या लाटेत, मार्च ते मे 2020 या तीन महिन्यांत, देशातल्या 41 कॅन्सर केंद्रांत नवीन रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा 54 टक्क्यांनी घटली. मोठ्या शस्त्रक्रिया 49 टक्क्यांनी, ओपीडीतली किमो 37 टक्क्यांनी आणि रेडिएशन 23 टक्क्यांनी कमी झालं. कॅन्सर काही निम्म्यावर आला नव्हता, माणसं घरी राहिली होती. उपचाराला चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका कॅन्सरच्या प्रकारानुसार साधारण 6 ते 13 टक्क्यांनी वाढतो. म्हणून पहिला नियम असा की उपचार थांबवायचे की पुढे ढकलायचे हे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवावं, घरच्यांनी भीतीपोटी ठरवू नये.

अडतं कुठे हे आधी समजून घ्या, म्हणजे तयारी नेमकी होते. मोठ्या शस्त्रक्रियेला भूलतज्ज्ञ, व्हेंटिलेटर आणि आयसीयूतला बेड लागतो, आणि साथीचे रुग्ण सगळ्यात आधी तेच अडवतात. कोल्हापूरच्या सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय 2020 मध्ये कोविडसाठी राखलं गेल्यावर बाकीच्या रुग्णांना दुसरीकडे वाट शोधावी लागली. किमोला आयसीयू लागत नाही, पण रक्त, प्लेटलेट आणि नर्स लागतात. रक्तदान शिबिरं बंद पडली की आधी प्लेटलेट संपतात, कारण त्या पाचच दिवस टिकतात. आणि रस्ता. महालक्ष्मी एक्सप्रेस बंद, एसटी बंद, जिल्हा ओलांडायला ई-पास, कागलच्या पुढे कोगनोळी नाक्यावर तपासणी. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणारा गगनबावड्याचा रुग्ण असो की बेळगावला जाणारा चंदगडचा, दोघेही रस्त्यातच अडकले.

एक पानाचा कागद

फाईल जाड असते आणि नवा डॉक्टर रात्री ती वाचत बसत नाही. उपचार सुरू झाले त्याच आठवड्यात एका पानावर हे लिहून घ्या: निदान आणि स्टेज, किमोच्या प्रोटोकॉलचं (ठरलेल्या औषधांच्या आराखड्याचं) नाव, प्रत्येक औषधाचा मिलिग्रॅममध्ये डोस, किमोची कितवी सायकल (फेरी) कोणत्या तारखेला झाली, शेवटचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट), ॲलर्जी, साखर-बीपीच्या गोळ्या. डॉक्सोरुबिसिन हे किमोचं औषध चालू असेल तर आजवर एकूण किती गेलं तेही लिहा. त्या औषधाला आयुष्यभराची मर्यादा असते, ती ओलांडली तर हृदय कमकुवत होतं. पानावर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या, फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा.

दवाखाना बदलायची वेळ आली तर बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाईड (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) लागतात. ते पॅथॉलॉजी लॅबमध्ये अर्ज देऊन मिळतात, पण लॅबच बंद असली तर आठवडा जातो. लांबच्या केंद्रात उपचार घेत असाल तर ते आधीच मागून घ्या. महात्मा फुले योजनेतून उपचार चालू असतील तर एका दवाखान्याची मंजुरी दुसऱ्याला चालेल असं धरू नका. नव्या ठिकाणच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनीसाला) पहिल्याच दिवशी रेशन कार्ड आणि आधार घेऊन भेटा. योजनेची हेल्पलाईन 155388.

आपला उपचार कोणत्या गटात आहे ते विचारा

डॉक्टरांना सरळ विचारा: "उद्या दवाखाना बंद झाला तर आमचं किती दिवस थांबू शकतं?" उत्तर आजारागणिक बदलतं. तीव्र ल्युकेमिया, वेगाने वाढणारा लिम्फोमा, रक्तस्राव करणारी किंवा अन्ननलिका-आतडी अडवणारी गाठ यांना थांबता येत नाही. कंबर किंवा पाठ दुखत असताना पायातली ताकद गेली, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, मग बाहेर संचारबंदी असली तरी. उलट हार्मोनला प्रतिसाद देणारा सुरुवातीचा स्तनाचा कॅन्सर लेट्रोझोलसारख्या गोळीवर काही महिने ताब्यात ठेवून शस्त्रक्रिया नंतर करता येते. प्रोस्टेटचंही बऱ्याचदा तसंच असतं.

टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, इमॅटिनिब अशा रोजच्या गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम लिहून घ्याव्यात. कॅपेसिटाबिन या किमोच्या गोळीचं मात्र तसं करू नका. ती बहुधा 14 दिवस घेऊन 7 दिवस बंद ठेवायची असते, आणि पुढची फेरी सीबीसी बघूनच सुरू करायची असते. जुलाब किंवा तळहात-तळपाय सोलले जाताना घरच्या घरी पुढची पट्टी उघडणं जिवावर बेतू शकतं.

रेडिएशनचं, म्हणजे शेक देण्याचं, गणित सगळ्यात कडक. तोंड-घशाच्या कॅन्सरला आठवड्यात पाच असे साधारण 35 शेक सात आठवड्यांत असतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला आतला (शरीराच्या आतून दिला जाणारा) शेक धरून सगळं आठ आठवड्यांत संपवायचं असतं. मधे खंड पडला की उरलेल्या पेशी जोमाने वाढतात. चुकलेला शेक शनिवारी किंवा एका दिवशी दोन देऊन भरून काढता येतो, दोहोंत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. म्हणून "एक दिवस गेला तर काय" म्हणून गप्प न बसता त्याच दिवशी विभागाला कळवा. मधेच केंद्र बदलणं अवघड असतं, कारण मास्क (शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा साचा) आणि प्लॅनिंग त्या मशिनसाठी केलेलं असतं. आमचा सल्ला असा की शेक सुरू होण्याआधीच दवाखान्याजवळ राहायची सोय करावी. पावसाळ्यात तर नक्कीच. जुलै 2021 मध्ये साथ आणि पूर एकदमच आले होते आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. शिरोळ, पन्हाळा किंवा नदीकाठच्या गावातून येत असाल तर पाणी 39 च्या दिशेने चढू लागताच मुक्काम हलवा.

ताप आला तर

साथीत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. किमोनंतर साधारण 7 ते 14 व्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे आणीबाणी. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. साथीच्या दिवसांत मात्र तापाचा रुग्ण दिसला की त्याला वेगळ्या रांगेत बसवतात आणि स्वॅबच्या रिपोर्टची वाट बघतात. त्या प्रतीक्षेत रुग्ण हातचा जाऊ शकतो.

घरात डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि ताप मोजल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, त्याने ताप झाकला जातो. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच असू दे: "किमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप 101. स्वॅब घ्या, पण सीबीसी आणि अँटिबायोटिक थांबवू नका." सोबत एक पानाचा कागद पुढे करा. सीबीसी हातात आला की एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या) टक्क्यांनी गुणा: 2,000 पेशी आणि 20 टक्के म्हणजे 400. हा आकडा 500 च्या खाली असेल तर धोका मोठा. हे गणित घरातल्या एकाला तरी तोंडपाठ हवं. गाडी नसेल तर 108.

तीव्र वेदनांवरच्या मॉर्फिनच्या गोळ्यांकडे वेगळं लक्ष द्या. फोनवरून किंवा व्हिडिओवरून ही औषधं लिहून देता येत नाहीत, 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांत ती वगळलेली आहेत. प्रत्येक मेडिकलमध्येही मिळत नाहीत. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की हालचाल सुरू करा आणि रुग्णाऐवजी कोणी आणायला आलं तर कोणती कागदपत्रं लागतात ते आधी विचारून ठेवा. एकदम बंद करू नका. पोट साफ होण्याचं औषध सोबत चालू हवंच.

हातातल्या पिक लाईनला (किमोसाठी शिरेत बसवलेल्या लांब नळीला) आठवड्याला फ्लश लागतो, म्हणजे ती औषधी पाण्याने धुवावी लागते. छातीत कातडीखाली बसवलेला पोर्ट साधारण महिन्याने धुवायचा, पण डॉक्टरांच्या संमतीने तीन महिन्यांपर्यंत लांबवता येतो. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत लागतात. फ्रीजच्या दारात किंवा फ्रीझरमध्ये नको, मधल्या कप्प्यात ठेवा. गावात लाईट जात असेल तर बर्फाच्या डब्याची सोय करा, पण इंजेक्शन बर्फाला टेकू देऊ नका.

ज्यांचं निदानच व्हायचं आहे त्यांचं नुकसान आकड्यांत सगळ्यात मोठं दिसतं. तोंडातला चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड कमी उघडू लागलं, पाळी गेल्यावर रक्त गेलं, छातीत गाठ लागली, तर साथ ओसरायची वाट बघू नका. तोंडातल्या जखमेची बायोप्सी जागेवर भूल देऊन ओपीडीत काही मिनिटांत होते, तिला बेडही लागत नाही आणि व्हेंटिलेटरही. मोठ्या दवाखान्याची ओपीडी बंद असेल तर जवळच्या दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.