लोकलच्या गर्दीत आपोआप दाबलं जाणारं बटण

धाकट्या बहिणीसाठी गळ्यात घालायचं पॅनिक बटण बनवलं. दाबलं की आईला लोकेशनचा मेसेज. पहिल्याच सकाळी दादरच्या गर्दीत ते आपोआप दाबलं गेलं. आईला सात मेसेज, आणि मी संध्याकाळपर्यंत बोलणी खाल्ली.

आधी 'तीन सेकंद दाबून ठेवा' असं केलं. पण डब्यात कुणाची बॅग टेकली की तीन सेकंद सहज होतात! शेवटी समोरासमोरच्या कडांना दोन बटणं लावली. चिमटीत दोन्ही एकदम दाबली तरच मेसेज जातो. गेला की छोटी मोटर दोनदा थरथरते, म्हणजे बाहेर काढून बघायला नको.

खरी डोकेदुखी वेगळीच. मेसेज पाठवताना सिम८००एल, म्हणजे सिम घालून मेसेज पाठवणारं छोटं मॉड्यूल, रीसेट व्हायचं. दोन दिवस कोड चाळला, दोष निघाला वायरींचा. हे मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. बारीक वायरींमुळे व्होल्टेज मॉड्यूलला लागणाऱ्या किमान ३.४ व्होल्टच्या खाली घसरायचं. जाड, आखूड वायर घेतली, मॉड्यूलला अगदी चिकटून क्षणभराचा जादा करंट पुरवणारा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, झालं. (सिम मात्र २जी चालणारं हवं, जिओचं चालत नाही.)

आईने बटणाचा नंबर अजून म्यूट ठेवलाय का, ते विचारायचं राहिलंय.