जहाजाच्या प्रतिकृतीवर सोन्याचा वर्ख कसा चढवावा

सोन्याचा वर्ख मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्याच्या खाली धुळीचा कण असेल, लाकडाची रेघ असेल किंवा सुकलेल्या गोंदाचा थेंब असेल, तर ते सगळं वरून लख्ख दिसतं. रंगाच्या दोन हातांत खपून जाणारी चूक वर्खाखाली उलट उठून दिसते. म्हणून नवशिक्याने वेळेचा मोठा भाग खालच्या पृष्ठभागाला द्यावा. प्रत्यक्ष वर्ख लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

सोनं कुठे लावायचं ते आधी ठरवा. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजासाठी 1637 मध्ये पाण्यात उतरलेल्या 'सॉव्हरिन ऑफ द सीज'वर काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी कोरीवकाम होतं, तिथे वर्ख भरपूर लागतो. 1628 मध्ये बुडालेल्या स्वीडनच्या 'वासा'चं तसं नाही. तिचं कोरीवकाम निळ्यावर सोनेरी असावं असं बरीच वर्षं मानलं जाई, पण रंगांच्या अवशेषांची तपासणी झाल्यावर लाल पार्श्वभूमी आणि बहुतेक रंगीत शिल्पं असं चित्र पुढे आलं. 1869 च्या 'कटी सार्क'ला नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आणि पिछाडीवर थोडी वेलबुट्टी सोनेरी, बाकी काळं. 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेच्या अंगावरचे पिवळे पट्टे तर साध्या रंगाचे आहेत, तिथे वर्ख लावू नये. नवशिक्याला 'कटी सार्क'सारखं मोजकं काम सगळ्यात बरं.

काय आणावं

खरा वर्ख साधारण 23 कॅरटचा असतो. 80 मिलिमीटर चौरस पानांची, 25 पानांची वही मिळते. हिशेब केला तर एका पानाचे 64 चौरस सेंटिमीटर, वहीचे 1600. निम्मं वाया गेलं असं धरलं तरी दोन फुटी प्रतिकृतीच्या नक्षीला एक वही पुरून उरते. नकली वर्ख तांबं आणि जस्ताच्या मिश्रणाचा, म्हणजे पितळेचाच असतो. तो स्वस्त आणि हाताळायला सोपा, पण जाड आणि ताठ असल्यामुळे बारीक नक्षीच्या खाचांत बसत नाही, कडांवर फाटतो आणि पुढे काळवंडतो. सराव नकली वर्खावर करा. मात्र आकृत्या दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतील, तर प्रतिकृतीवर खराच लावा.

वही घेताना कागदाला चिकटवलेल्या पानांची घ्या. सुटं पान श्वासानेही उडतं. जळगावच्या सराफ बाजारात सोनं कितीही असलं, तरी अशी वही चित्रकलेच्या साहित्याच्या मोठ्या दुकानातून किंवा ऑनलाइनच मागवावी लागते. मिठाईवरचा चांदीचा वर्ख इथे उपयोगाचा नाही.

वर्ख चिकटवणाऱ्या द्रावणाला दुकानात गिल्डिंग साइझ म्हणतात. पाण्याच्या साइझची 50 मिलिलिटरची बाटली घ्या. तेलाच्या साइझने झळाळी जास्त येते, पण 3 ते 12 तास थांबावं लागतं आणि तेवढ्या वेळात त्यावर धूळ बसते. जोडीला शून्य नंबरचा सिंथेटिक ब्रश, खारीच्या केसांचा एक मऊ ब्रश, टोकदार चिमटा, छोटी धारदार कात्री, 320 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाची रंध्रं बुजवणारा सँडिंग सीलर, मास्किंग टेप, बटर पेपर आणि कापूस. मऊ ब्रशला साइझ लागू देऊ नका, नाहीतर तो पुढचा प्रत्येक वर्ख ओढून फाडतो.

पृष्ठभाग

सातपुड्याच्या सागाचे उरलेले तुकडे सुतारकामातून सहज मिळतात आणि प्रतिकृतीच्या सांगाड्याला ते उत्तम. वर्खाखाली मात्र सागाचे रंध्र दिसतात आणि त्याचा तेलकटपणा सीलरला धरू देत नाही. त्यामुळे नक्षी बारीक पोताच्या लाकडात कोरा. सागच वापरायचा असेल, तर आधी स्पिरिटने पुसा. सीलरचे दोन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर 320 ने आणि शेवटी 600 ने घासा. नखाने सरकवून पाहिलं की कुठेही अडकता कामा नये. ओतीव धातूची किंवा रेझिनची नक्षी असेल, तर ती साबणाच्या पाण्याने जुन्या टूथब्रशने धुऊन एक रात्र वाळू द्या आणि मग प्रायमर मारा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर राहिला, तर वर्ख महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो.

त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. गेरूसारख्या लाल रंगावर सोनं उबदार दिसतं, पण राहिलेली प्रत्येक फट लाल दिसते. पहिल्या कामाला पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर घ्या, त्यात फटी लपतात. एक रात्र वाळू द्या.

शक्य असेल तिथे नक्षी जहाजाला चिकटवण्याआधीच वर्ख लावा. टूथपिकच्या टोकाला थोड्या गोंदाने टेकवून धरलं की सगळ्या बाजूंनी हात पोचतो. मागची बाजू कोरी ठेवा. वर्खावर गोंद लावला, तर तो लाकडाला न धरता वर्खालाच धरतो आणि नक्षी वर्खासकट निखळते. नक्षी जहाजावर आधीच बसली असेल, तर भोवतालचा रंग पूर्ण वाळलेला हवा. अ‍ॅक्रिलिकला 24 तास, एनॅमलला आठवडा. ओलसर रंग वर्ख पकडतो आणि तो मग निघत नाही.

साइझ आणि थांबणं

साइझ पातळ लावा. दुधाळ थर दिसेल, त्यात एकही जागा सुटता कामा नये. तुकडा दिव्याखाली तिरपा धरला की सुटलेले ठिपके निस्तेज दिसतात. वळणांच्या खाचांत साइझ साचते, ती कोरड्या ब्रशच्या टोकाने लगेच शोषून घ्या. साचलेली साइझ वरून वाळते आणि आत ओली राहते, त्यावर वर्खाला सुरकुत्या पडतात आणि तेज मरतं. नवशिक्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

दुधाळपणा जाऊन थर पारदर्शक झाला की वर्ख लावायचा. डब्यावर 15 ते 20 मिनिटं लिहिलेली असतात, पण खानदेशात त्यावर विसंबू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा कोरड्या हवेत ब्रशवरची साइझच घट्ट होऊ लागते आणि फटकाऱ्यांच्या रेघा राहतात. उन्हाळ्यात पहाटे काम करा आणि एका वेळी अंगठ्याएवढीच जागा घ्या. पावसाळ्यात तेवढ्याच थराला तासभरही लागतो. घाई न करता बोटाच्या सांध्याची पाठ हलकेच टेकवून पाहा. ती चिकटून टक् आवाज करत सुटली आणि खूण उमटली नाही, तर वेळ आली. खूण उमटली, तर अजून ओलं आहे.

पंखा आणि कूलर दोन्ही बंद करा. हिवाळ्यात जिनिंगच्या आसपास राहत असाल, तर हवेतले कापसाचे तंतू साइझवर बसतात, त्यामुळे खिडकी लावून घ्या आणि तुकड्यावर उपडा डबा ठेवा.

वर्ख

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. वर्ख कागदासकट कात्रीने कापा, जागेपेक्षा सगळीकडून 3 मिलिमीटर मोठा. चिमट्याने कागद धरून सोन्याची बाजू साइझवर एकदाच सरळ टेकवा. टेकवल्यावर सरकवू नका. कागदाच्या पाठीवरून कापसाने दाबा, मग कागद हळू उचला. पुढचा तुकडा आधीच्यावर 2 मिलिमीटर चढवून लावा, वरचं जादा सोनं पुसताना आपोआप निघतं.

खोल नक्षीत वर्ख खाचेवर ताणून बसतो आणि मधोमध फाटतो. फाटू द्या. मऊ कोरड्या ब्रशने ठिपके दिल्यासारखं वरून खाली दाबत आत बसवा आणि फटीवर दुसरा छोटा तुकडा टाका. साइझ अजून चिकट असते, ती सोनं धरते. एखादी जागा सोनं धरतच नसेल, तर तिथे साइझ लागलीच नव्हती. ब्रशच्या टोकाने ती भरा आणि पुन्हा थांबा.

मग कोरड्या ब्रशने गोल फिरवत जादा सोनं झाडा, खाली स्वच्छ कागद ठेवून. सराफ पेठेतली माती धुऊन सोनं वेचणारे झारेकरी कणही सोडत नाहीत, तुम्हीही हा चुरा डबीत ठेवा. पुढच्या फटी भरायला तोच लागतो.

कापसाने घासून चमक आणायचा मोह होतो. साइझवरचं सोनं अकीकाच्या दगडाने घोटून आरशासारखं करता येत नाही, ते काम सरस आणि मातीच्या अस्तरावरच्या वेगळ्या पद्धतीचं. इथे जोराने घासलं, तर खालचा पिवळा रंग वर येतो.

वाळल्यावर

तीन दिवस हात लावू नका. खऱ्या वर्खाला वार्निशची गरज नाही, तो काळा पडत नाही आणि वार्निशने थोडा मंदच होतो. प्रतिकृती काचेच्या पेटीत राहणार असेल, तर तसाच सोडा. नकली वर्खावर मात्र बोटांचा घाम लागला की काही महिन्यांत हिरवट-काळे ठसे उमटतात. त्यावर चपडा, म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशचे दोन अगदी पातळ हात द्या. स्पिरिट अ‍ॅक्रिलिक रंग मऊ करतं, म्हणून हेही नक्षी जहाजाला चिकटवण्याआधी उरकावं. एकाच जागेवर ब्रश दोनदा फिरवू नका.

नवं सोनं छोट्या प्रतिकृतीवर फार भडक वाटतं, कारण खाचांत सावली पडत नाही. बर्न्ट अंबर हा तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून खाचांत सोडा आणि उंचवटे लगेच कोरड्या कापसाने टिपून घ्या. चपड्याचे हात दिले असतील, तर ते पक्के वाळल्यावरच हे करा. चेहऱ्यांचे डोळे, सिंहाची आयाळ, पानांच्या शिरा तेव्हा वेगवेगळ्या दिसू लागतात. त्यानंतर टूथपिक सोडवून मागच्या कोऱ्या बाजूला गोंदाचा एक थेंब लावा आणि नक्षी चिमट्याने कडांना धरून जागेवर बसवा.