उंबरठ्यावर टांगलेली बोट : इंग्लंडच्या कालव्यावर या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आमच्याकडे पाहुणे येतात आणि ‘त्या लांबड्या बोटीतून एक दिवस फिरवा की’ अशी फर्माईश होते. फिरवतो. पण दरवर्षी त्याच चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात नकाशावर बोट (हाताचं) ठेवून ‘हे काय, इथंच तर आहे’ म्हणण्यापासून होते. इथला जुना हिशेब असा : प्रत्येक लॉक (बोट वर-खाली नेणारी, दोन्हीकडे दरवाजे असलेली पाण्याची खोली) म्हणजे एक मैल धरा आणि तासाला तीन मैल मोजा. ऑक्सफर्ड कालव्यावर मार्स्टन डोल्सहून ब्रॉन्स्टनला यायचं तर साधारण 9 मैल आणि नॅप्टनची 9 लॉक, म्हणजे 6 तास. जेवणखाण वेगळं. मी वर आणखी एक तास धरतो, कारण मे महिन्यातल्या सुट्टीत नॅप्टनला रांग लागतेच.

आता माझा खास राग. लॉकमधून खाली उतरताना वरच्या दरवाजाच्या आत, पाण्याखाली, दगडी उंबरठा असतो. त्याला इथे सिल म्हणतात. तो कुठवर येतो हे काठावरची पांढरी रेघ सांगते. बोटीचं शेपूट त्या रेघेच्या पुढे हवं. मागे राहिलं तर पाणी उतरतं, शेपूट उंबरठ्यावर टेकतं आणि नाक मात्र खाली खाली जातं. अशाने बोटी बुडाल्या आहेत.

आमची बुडता बुडता राहिली. मित्राची बोट नॅप्टनहून खाली आणत होतो. सुकाणूवर मेहुणे. काठावर बदकीण आठ पिल्लं घेऊन चाललेली, मेहुण्यांनी मोबाइल काढला. बोट हळूच मागे सरकली. मला उशीर झालेला, म्हणून खालची दोन्ही पॅडल (लॉकमधलं पाणी सोडायच्या झडपा) एकदम पूर्ण उघडून मीही दुसरीकडे बघत उभा. आधी आतून कपबशांचा आवाज आला, मग बायकोचा. नाक खाली झुकलेलं, चिवड्याचा डबा पुढच्या दारापर्यंत घरंगळत गेलेला. मागच्या बोटीवरच्या आजीबाई ओरडल्या तेव्हा मी भानावर आलो. खालची पॅडल आधी बंद केली, मग वरची थोडी थोडी उघडून पाणी परत भरलं. बोट उंबरठ्यावरून उचलली गेली. क्रम हाच, आधी खालची बंद. घाबरलेला माणूस नेमका उलटा जातो.

तेव्हापासून मी एकच पॅडल अर्धं उघडतो, विंडलास (पॅडल फिरवायची किल्ली) हातात ठेवतो आणि ‘रेघ?’ असं ओरडतो. सुकाणूवरून ‘पुढे!’ आलं की मग उरलेलं. घाई असलेल्यांनी ट्रेनने जावं. आणि विंडलास पॅडलच्या दांड्यावर अडकवून सोडू नका. खटका सुटला तर ती किल्ली गरगर फिरते आणि हात मोडते.

दुसरी खोड वेगाची. मर्यादा ताशी 4 मैल आहे, आणि एक्स्प्रेसवेवर गाडी हाकणाऱ्याला ते सहन होत नाही. उथळ कालव्यात जास्त थ्रॉटल दिलं की शेपूट खाली बसतं, काठावर लाटा फुटतात, वेग मात्र फारसा वाढत नाही. काठाला बांधलेल्या बोटींजवळून इंजिन अगदी मंद करा. लोक त्यात राहतात, कुणाचा चहा गॅसवर असतो. लाटेने खुंट्या उपटल्या गेल्या तर ऐकावी लागणारी बोलणी मी एका भाच्यामुळे ऐकली आहेत.

बाकीच्या चुका झटपट सांगतो. टिलर (सुकाणूचा दांडा) उजवीकडे ढकललं की नाक डावीकडे जातं. गोंधळ झाला तर इंजिन न्यूट्रलला आणा. समोरून बोट आली तर उजवीकडे व्हा, इथे रस्त्याच्या उलट. बोट काठावर आदळतेय म्हणून पाय मध्ये घालू नका, ती पंधरा टनांची आहे आणि पाय तुमचा आहे. काठावर उडी नको, पाऊल टाका. पाण्याखालच्या पंख्यात पिशवी अडकली तर इंजिनची किल्ली काढून खिशात ठेवा, मगच पंख्यावरचं झाकण उघडून हात घाला, आणि झाकण परत नीट घट्ट लावा. ते सैल राहिलं तर पाणी आत येतं.

हातमोजे मात्र दोन जोड्या घ्या. दोर ओला असतो, वारा बोचरा असतो आणि पहिली जोडी दुसऱ्या लॉकलाच भिजते.